भांडे चीजचे, काम चॉकलेटचे: घरगुती फॉन्ड्यू संचाचा तीन महिन्यांचा अनुभव

नाताळच्या सुट्टीत घरात मुलांचा गोतावळा जमणार होता, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला मी चॉकलेट फॉन्ड्यूचा, म्हणजे वितळलेल्या चॉकलेटमध्ये फळे-केक बुडवून खाण्याचा, एक लहान संच ऑनलाइन मागवला. किंमत १,१४९ रुपये. खोक्यात पांढऱ्या चिनी मातीची एक वाटी, तिला आधार देणारा त्याच मातीचा पोकळ स्टँड, स्टँडच्या पोटात ठेवण्यासाठी दोन टी-लाइट मेणबत्त्या आणि दोन दातांचे चार लांब काटे, एवढे सामान निघाले. खोक्यावर बर्फाच्छादित शिखरांचे चित्र होते आणि त्यापुढे टेबलाभोवती बसलेली सहा हसरी माणसे. सहा माणसांना काटे चार कसे, हा प्रश्न माझ्या धाकट्या मुलीला पहिल्याच मिनिटाला पडला आणि त्याचे उत्तर आजही आमच्याकडे नाही. त्यानंतरच्या तीन महिन्यांत हा संच पाच वेळा वापरून झाला, दोनदा फसला, तीनदा जमला. तेव्हा त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटते, कारण असेच संच निरनिराळ्या नावांनी सध्या बऱ्याच ठिकाणी विकले जात आहेत आणि बांधणीत फारसा फरक दिसत नाही.

खोक्यावर ‘पारंपरिक स्विस’ असे ठसठशीत छापलेले आहे. ते फॉन्ड्यूविषयी खरे आहे, चॉकलेट फॉन्ड्यूविषयी नाही. स्वित्झर्लंडची परंपरा चीजच्या फॉन्ड्यूची: जाड बुडाच्या मातीच्या किंवा बिडाच्या भांड्यात पांढरी वाइन तापवायची, त्यात ग्रुयेरसारखे चीज वितळवायचे, भांडे स्पिरिटच्या शेगडीवर टेबलाच्या मधोमध आणायचे आणि पावाचे तुकडे काट्याला टोचून त्यात बुडवायचे. चॉकलेटचा प्रकार मात्र न्यूयॉर्कमध्ये जन्मला. तेथील ‘शाले स्विस’ या रेस्टॉरंटचे चालक कॉनराड एग्ली यांनी १९६०च्या दशकात तो आपल्या गिऱ्हाइकांपुढे ठेवला आणि त्यासाठी टोब्लरोन हे बर्नमध्ये १९०८ साली तयार झालेले, मध आणि बदामाचे नूगा घातलेले त्रिकोणी चॉकलेट वापरले. चॉकलेट स्विस, स्वयंपाकी स्विस, पण पदार्थ अमेरिकेतला. ही वंशावळ सांगण्याचे कारण असे की या संचाचा जो मुख्य दोष आहे, तो तिच्यातच आहे. चीजचे फॉन्ड्यू टेबलावरही मंद खदखदत राहावे लागते, नाहीतर ते आळते आणि रबरासारखे होते. म्हणून त्याच्या भांड्याखाली जिवंत आच लागते. चॉकलेटमधील कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्या तोंडातील उबेनेच, वितळते आणि पन्नाशी ओलांडल्यावर चॉकलेटची तब्येत बिघडू लागते. चीजची मांडणी जशीच्या तशी लहान करून तिच्यात चॉकलेट घातले की काय होते, ते आम्ही पहिल्याच संध्याकाळी पाहिले.

सोबतच्या पत्रकात लिहिले होते, की चॉकलेटचे तुकडे वाटीत घालावेत, मेणबत्ती लावावी आणि वितळेपर्यंत अधूनमधून ढवळावे. आम्ही आज्ञाधारकपणे तसेच केले. वीस मिनिटे झाली तरी वरचे तुकडे जसेच्या तसे होते, मुले रिकामे काटे घेऊन बसली होती, आणि खालून मात्र करपल्याचा वास येऊ लागला होता. घाईघाईने मी सिंकजवळचा चमचा उचलून ढवळले. चमचा ओला होता. दोन वेढे होतात न होतात तोच वाटीतील अर्धवट वितळलेल्या चॉकलेटचा चकाकणारा पातळपणा नाहीसा झाला आणि त्याचा ओल्या मातीसारखा भरभरीत गोळा चमच्याभोवती जमा झाला. आई शेजारीच उभी होती. तिळगुळाचे पाक करण्यात तिचे आयुष्य गेले आहे. ती म्हणाली, “अरे, आपण पाक पाण्यात टाकून गोळी बघतो, तुझ्याकडे पाणी चॉकलेटात पडून गोळी झाली!” यापेक्षा नेमके वर्णन मला कोणत्याही पाककृतीत आढळलेले नाही.

चॉकलेट म्हणजे वितळलेल्या कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक, कोरडे कण. त्यात पाण्याचे चार थेंब पडले, की साखर ते शोषून चिकट होते, कण एकमेकांना धरून बसतात आणि स्निग्धांश बाजूला पडतो. गंमत अशी, की थोडे पाणी वाईट, पण पुरेसे पाणी चांगले. गोळा झालेल्या चॉकलेटमध्ये चमचा-चमचा करून गरम दूध किंवा क्रीम घालत गेले, तर ते पुन्हा सैल होते. त्याचे नंतर साच्यातले चॉकलेट करता येत नाही, पण बुडवून खायला ते उत्तम चालते. त्या संध्याकाळी आम्ही गोळा वाचवला, बुडाला लागलेला भाग मात्र वाचला नाही. वाटी रिकामी झाल्यावर ज्योतीच्या नेमक्या वरच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा काळा, कोरडा डाग होता आणि त्याच्या बाहेरचे सगळे चॉकलेट शाबूत होते.

दुसऱ्या वेळी पत्रक बाजूला ठेवले आणि वाटीला फक्त वाढण्याचे भांडे मानले, वितळवण्याचे नव्हे. दोनशे ग्रॅम डार्क चॉकलेट चाकूने बारीक चिरून कोरड्या स्टीलच्या पातेल्यात घेतले. एकशे चाळीस मिलिलिटर फ्रेश क्रीम दुसऱ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून, कडेला बुडबुडे दिसू लागताच, म्हणजे उकळी फुटण्याआधीच, उतरवले आणि चॉकलेटवर ओतले. त्यानंतरची दोन मिनिटे हात आवरून बसणे हाच या कृतीचा सर्वांत कठीण भाग आहे. त्या दोन मिनिटांत क्रीमची उष्णता चॉकलेटमध्ये उतरते. मग मध्यभागापासून लहान वर्तुळात सावकाश ढवळायला सुरुवात करावी. आधी मिश्रण फाटलेल्या दुधासारखे दिसते आणि मन साशंक होते, पण ढवळत राहिले की मधोमध एक काळाभोर, चकचकीत ठिपका तयार होतो आणि तो पसरत कडेपर्यंत जातो. क्रीम फार तापलेले असेल किंवा चॉकलेटच्या मानाने कमी पडले असेल, तर कडेने तूप सुटू लागते. अशा वेळी चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळल्यास ते बहुतेकदा मिळून येते. चिमूटभर मीठ आणि नखभर जायफळ आम्ही घालतो. इसेन्सची मला गरज वाटली नाही. चिनी मातीची वाटी दरम्यान गरम पाण्याने भरून ठेवावी, ऐन वेळी रिकामी करून कोरडी पुसावी आणि मगच तिच्यात मिश्रण ओतावे. थंड वाटीत ओतलेले चॉकलेट कडेने लगेच घट्ट होऊ लागते.

क्रीम मिसळल्यावर आणखी एक फायदा होतो. मिश्रणात आधीच पुरेसे पाणी असल्यामुळे फळावरून ओघळलेले दोन थेंब त्याची गोळी करू शकत नाहीत, फार तर ते किंचित पातळ होते. लहान मुले टेबलावर असतील, तर नुसते चॉकलेट वितळवण्यापेक्षा क्रीमचे मिश्रणच करावे, ते एवढ्यासाठी.

मेणबत्तीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. स्टँडमध्ये ज्योत आणि वाटीचे बूड यांत जेमतेम दोन बोटांचे अंतर आहे. चिनी माती उष्णता चटकन पसरवत नाही, त्यामुळे ज्योतीच्या डोक्यावरचा भाग तापत राहतो आणि कडा कोमटच राहते. घरात जॅमसाठी घेतलेला थर्मामीटर होता. मेणबत्ती लावून पंचवीस मिनिटांनी, न ढवळता, तळाशी मध्यभागी तो धरला तेव्हा ६६ अंश दिसले आणि कडेला ३९. चॉकलेटच्या दृष्टीने हा फरक म्हणजे एकाच वाटीत चूल आणि माठ. यावरचा उपाय आईनेच काढला. पापड भाजण्याची जुनी जाळी तिने स्टँडवर ठेवली आणि तिच्यावर वाटी. वाटी बोटभर उंच झाली, आच जाळीत पसरली, आणि नंतरच्या वेळी मध्यभागचा आकडा पंचेचाळिशीच्या पुढे गेला नाही. दिसायला ते देखणे नाही, हे कबूल करतो. पाहुण्यांसमोर पापडाची जाळी ठेवायची नसेल, तर मेणबत्ती दहा मिनिटे लावून वीस मिनिटे विझवावी आणि दर वेळी कोणीतरी तळापासून ढवळावे. पुण्याच्या डिसेंबरमध्ये एवढे पुरते. मार्चअखेरीस आम्ही शेवटचा प्रयोग केला तेव्हा मेणबत्ती लावण्याची गरजच भासली नाही, कारण स्वयंपाकघरच ३४ अंशांवर होते.

संचाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, फरक चॉकलेटच्या निवडीने पडतो. बेकरीच्या साहित्याच्या दुकानात ‘डार्क’ असे लिहिलेली जी मोठी लादी स्वस्तात मिळते, ती बहुधा कंपाउंड असते. तिच्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो आणि मागच्या बाजूला घटकांच्या यादीत तो स्पष्ट लिहिलेला असतो. पुणे जिल्ह्यातील मंचरच्या मोर्डेसारख्या उत्पादकांमुळे कंपाउंड महाराष्ट्रातील घरगुती केकवाल्यांच्या हाताशी आले, आणि केकवरच्या आवरणासाठी किंवा साच्यातील चॉकलेटांसाठी ते सोयीचेच आहे: टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांवर तापवून-निववून घेण्याची, कटकट नाही, आपल्या हवेत टिकते. फॉन्ड्यूमध्ये त्याचा हा गुण उपयोगाचा नाही, कारण येथे चॉकलेट पुन्हा कडक व्हायचेच नसते. उलट खाल्ल्यानंतर टाळूला मेणासारखा पातळ थर बसतो, तो चहा प्यायल्याशिवाय जात नाही. आम्ही तिसऱ्या वेळी निम्म्या मिश्रणात कंपाउंड आणि निम्म्यात खरे कोको बटर असलेले कूव्हर्च्युअर घेऊन मुलांना न सांगता दोन वाट्या ठेवल्या. मुलांनी कंपाउंडची वाटी आधी संपवली, मोठ्यांनी दुसरी. तेव्हा कोणासाठी करायचे आहे, हेही पाहावे.

कोकोचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास असलेले चॉकलेट मला सर्वांत योग्य वाटले. ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये साखर कमी आणि कोको अधिक, त्यामुळे मिश्रण लवकर आळते. त्याला वजनाइतकेच क्रीम लागते आणि लहान मुले तोंड वाकडे करतात. दुधाचे नेहमीचे चॉकलेट, जे आपण वाण्याकडून वडीच्या रूपात घेतो, ते येथे फारच गोड लागते आणि त्याला क्रीम निम्मेच पुरते, नाहीतर काट्यावरून सगळे वाटीत परत ओघळते. आपल्याकडे मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो. परदेशी पाककृती दाट क्रीम गृहीत धरतात, म्हणून त्यांतील प्रमाण जसेच्या तसे घेतल्यास मिश्रण आपल्याकडे थोडे पातळ होते. क्रीम थोडे हात राखून घालावे, कमी पडल्यास वाढवता येते.

बुडवण्याच्या वस्तूंत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला तोड नाही आणि सुदैवाने तिचा हंगाम नेमका थंडीतच असतो. तिचा आंबटपणा चॉकलेटच्या गोडीला कापतो. पण ती देठासकट धुवावी, स्वच्छ पंचावर तासभर पसरून ठेवावी आणि कोरडी झाल्यावरच देठ काढावा. ओल्या स्ट्रॉबेरीवर चॉकलेट बसतच नाही, तिच्या अंगावरून घसरते. वेलची केळी जरा करकरीत असतानाच घ्यावीत. पिकून ठिपके आलेले केळे काट्यावरून सुटते आणि वाटीच्या तळाशी जाऊन बसते. संत्र्याच्या फोडी सोलून अर्धा तास उघड्या ठेवल्या तर वरचे साल सुकते आणि चॉकलेट छान धरते. चिकू मी एकदा ठेवला, पुन्हा ठेवणार नाही: गोडावर गोड, आणि रंगही तोच. पुरंदरचे ताजे अंजीर फार नाजूक, त्याला काटा टोचू नये, उभे चिरून चमच्याने वरून चॉकलेट सोडावे. केक ठेवायचा असल्यास आदल्या दिवशीचा, किंचित कोरडा पडलेला साधा स्पंज घ्यावा. नानखटाई काट्याने फुटते, श्रूजबेरी बिस्किट हाताने धरून बुडवावे लागते आणि तेच सर्वांत आधी संपते. मार्शमेलो घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका जरूर पाहावा, कारण एरवी त्यात जिलेटिन असते. खारवलेले काजू आणि खारी हा आमच्या घरचा शोध. खारीचे पापुद्रे वाटीत गळतात, पण त्या चवीसाठी मी ते सहन करतो.

आता काट्यांविषयी, कारण १,१४९ रुपयांपैकी खरी वसुली त्यांचीच झाली. काटे सडपातळ आहेत, दातांच्या टोकांना उलटा बारीक काप आहे, त्यामुळे एकदा टोचलेले फळ मिश्रणात सुटत नाही. साधा जेवणाचा काटा वापरून पाहिला, तर त्याचे चार दात स्ट्रॉबेरीला अक्षरशः फोडतात. प्रत्येक काट्याच्या मागच्या टोकाला निराळा रंग आहे, म्हणजे कोणाचा कोणता ते कळावे. आपल्या घरांत हा रंग फार महत्त्वाचा, कारण एका वाटीत सगळ्यांनी बुडवायचे म्हटल्याबरोबर उष्ट्याचा प्रश्न येतो. आईने पहिल्याच दिवशी विचारले, “तोंडात घातलेला काटा परत त्याच वाटीत?” नियम असा ठरला, की लांब काट्याने फक्त बुडवायचे, तुकडा आपल्या ताटलीत उतरवायचा आणि हाताने खायचा. तापलेला काटा थेट तोंडात घालणे युरोपातही शिष्टसंमत नाही, असे सांगितल्यावर आईला समाधान वाटले. लाल आणि केशरी हे दोन रंग तिसऱ्या धुण्यानंतर जवळपास सारखेच दिसू लागले, हा मात्र दोष नोंदवायला हवा.

याहून गंभीर दोष वाटीचा. चौथ्या वापरानंतर तिच्या आतील झिलईवर, मेणबत्तीच्या वरच्याच जागी, केसासारखे बारीक तडे दिसू लागले. गरम वाटी कधीही थंड पाण्याखाली धरलेली नव्हती. विक्रेत्याला छायाचित्रांसह लिहिले. पहिले उत्तर आले, की काचसामान वापरानंतर परत घेतले जात नाही. हे चिनी मातीचे आहे आणि वापरासाठीच विकलेले आहे, असे कळवल्यावर दुसरे उत्तर आले, की ‘उष्णतेचा अतिरेक’ झाला असावा. उष्णता देण्याचे साधन त्यांच्याच खोक्यातील मेणबत्ती होती. तिसरे उत्तर आलेले नाही. सुटी वाटी विकत मिळत नाही. तडे गेलेल्या झिलईत स्निग्धांश मुरतो आणि कितीही घासले तरी वास राहतो, म्हणून ती वाटी आम्ही खाण्यासाठी वापरणे बंद केले.

पाचवी खेप त्यामुळे संचाच्या वाटीशिवायच झाली, आणि सांगायला थोडा संकोच वाटतो, पण तीच सर्वांत चांगली झाली. पोळ्यांचा जाड हॉटपॉट घेतला, त्यात हाताला सोसवेल त्यापेक्षा जरा अधिक गरम पाणी तीन बोटे भरले आणि त्यात स्टीलची खोलगट वाटी बसवून मिश्रण ओतले. पाऊण तास चॉकलेट जसेच्या तसे पातळ राहिले, कोठे करपले नाही, कोणाला ढवळावे लागले नाही. ज्योतीची शोभा गेली, हे खरे. पाणी वाटीच्या काठाच्या बरेच खाली राहील एवढी काळजी घ्यावी, आणि लहान मुले खेचतील अशा टेबलक्लॉथवर हा थाट मांडू नये. चॉकलेटचे कारंजे घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर मी एका परिचितांकडे ते पाहिले आहे: चॉकलेट वाहते राहण्यासाठी त्यात तेल मिसळावे लागते, ते चालवायला किलोभर चॉकलेट लागते आणि धुताना सुटे भाग मोजावे लागतात.

तेव्हा कोणी मला विचारले, की हा संच घ्यावा का, तर माझे उत्तर असे, की सहा काटे सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांत चांगले चॉकलेट आणावे. भेट म्हणून द्यायचा असेल तर खोके देखणे आहे. सोबत एक पापडाची जाळी द्यावी.

उरलेले मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवस टिकते. आमच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात गरम दूध ओतले जाते, आणि आई तिच्या चहाऐवजी तेच अर्धा कप मागून घेते, “नुसतं चव बघायला” असे म्हणत.